भरपाई म्हणून बयाबाई

पैंजणाला घुंगरू लावता लावता माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे हुपरीत सून म्हणून आल्याशिवाय कळत नाही. मी गडहिंग्लजला बी.कॉम. करून या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, चांदीच्या धंद्यातली माणसं आहेत, चांदीबद्दल बोलत असतील. कुठलं काय! दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, घुंगरू लावायला बसल्या की विषय एकच. बयाबाईचं विमान.

बयाबाई म्हणजे आमची शेजारीण. तिचे मालक हंबीरराव चांदीचे मोठे व्यापारी होते. नव्वदच्या दशकात कोल्हापूरहून मुंबईला विमान सुटायचं म्हणे, त्या विमानानं ते बायकोला मुंबई दाखवायला घेऊन गेले होते. पुढं ती कंपनी बंद पडली. हंबीररावही गेले बिचारे. पण ते विमान आमच्या सोप्यावर रोज दुपारी उतरायचं काही बंद झालं नाही.

"आधी गुडूप अंधार," बयाबाई डोळे मिटून सुरू करायची. "मग भक्कन उजेड. मग दोनी कान बंद. आनि मग खाली बघावं तर काय, ढग! आपून वर, ढग खाली!" इथं ती थांबायची. सगळ्या बायकांचे हातही थांबायचे. मग ती शेवटचं सोडायची, "आनि ताटातनं गोळ्या. पोरगी येती, वाकती आनि म्हंती, घ्या."

मी नवी होते, शिकलेली होते आणि मला गप्प बसता येत नाही. एकदा विचारलं, "पण बयाबाई, विमानात अंधार कशाला होईल?"

"मग ढगात काय तुझ्या सासऱ्यानं बत्ती लावून ठिवलीया?"

सगळा सोपा हसला. आमचे सासरे आत चांदी आटवत होते, तेसुद्धा हसले. ते हसणं मी विसरले नाही.

या विमानानं सगळ्यात जास्त कोण भाजून निघालं असेल तर आमच्या अत्ती. आमचं घर सीमेकडचं, कन्नड वळणाचं, म्हणून सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. नाव शांतव्वा, पण नावात असेल तेवढीच शांती. गल्लीत पहिला गॅस अत्तींचा, पहिला मिक्सर अत्तींचा, पहिलं वॉशिंग मशीनही अत्तींचंच. या बाईला फक्त विमानानं मात दिली होती. बयाबाई "ढग खाली" म्हणाली की अत्ती घुंगरांचा डबा आपटायच्या. रोज.

आणि मग दोन हजार सात साली माझ्या मुंबईच्या नणंदेला, सौंदर्याला मुलगा झाला. कोल्हापूरहून पंचगंगा एअरवेज नावाच्या नव्या कंपनीचं विमान नुकतंच सुरू झालं होतं. जावईबापूंनी बारशाला यायला अत्तींना आणि मला विमानाची तिकिटं पाठवली. बारशाच्या आदल्या दिवशी निघायचं होतं.

अत्तींनी ती तिकिटं देवघरात ठेवली, विभूतीच्या डबीखाली. मग गल्लीत सांगायला बाहेर पडल्या. दूधवाला, इस्त्रीवाला, मठातले स्वामी अय्यनवरू, कुणालाच सोडलं नाही. दूधवाल्यानं तर दोनदा ऐकलं, कारण पहिल्या वेळी त्यानं पुरेसं आश्चर्य दाखवलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी गल्लीनं अत्तींची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं रीतसर. आमच्याकडं भरल्या ओटीनं उंबरा ओलांडला की त्या दिवशी माघारी फिरायचं नसतं. आकाश कोसळलं तरी नाही. मग अख्खी गल्ली एका ट्रॅक्स जीपमध्ये कोंबली गेली आणि ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या जागेवर कोण बसलं, तर बयाबाई.

"थितं काय काय करायचं असतंय, तुमाला कोन सांगनार?" ती म्हणाली. अत्ती उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

विमानतळावर टाय लावलेला एक तरुण आमची वाट बघत असल्यासारखा उभा होता. छातीवर नाव, विजयसिंह. कंपनीचा तिथला साहेब तोच. त्यानं छापील मराठीत सांगितलं, "विमानास किंचित विलंब होत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

किंचित म्हणजे किती, ते त्यालाही माहीत नसावं. गल्ली बराच वेळ कुंपणाला नाक लावून उभी राहिली. शेवटी ट्रॅक्सवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याला कागलचं दुसरं भाडं होतं. मग बायकांनी अत्तींना कुंकू लावलं, मोकळ्या आभाळाकडं बघून हात हलवला आणि सगळ्या परत गेल्या. बयाबाई सोडून.

"इमान उडाल्याबिगार मी हलनार न्हाय," ती म्हणाली. "मी यष्टीनं जाईन."

अत्तींना तर हेच हवं होतं. स्वतः विमानात चढायचं आणि बयाबाईनं खालून बघायचं, यापलीकडं त्यांना आयुष्यात काही मागायचं उरलं नव्हतं.

आणि विमान रद्द झालं.

"तांत्रिक कारणास्तव आजचं उड्डाण रद्द करण्यात येत आहे," विजयसिंहानं जाहीर केलं. "प्रवाशांना कंपनीतर्फे अल्पोपहार देण्यात येईल. त्यानंतर मुंबईपर्यंत वातानुकूलित बस, किंवा उद्याचं विमान, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत. आपली इच्छा."

लोक ओरडायला लागले. अत्ती ओरडल्या नाहीत. त्या ओटीचा नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिल्या. उद्याचं विमान चालणार नव्हतं, सकाळी बारसं होतं. घरी जायचं तर भरली ओटी. राहिली बस. आणि शेजारी उभी बयाबाई.

मला वाटलं, आता ही हसणार. पण ती एवढंच म्हणाली, "हुतं असं," आणि तिनं आपली पिशवी उचलली. "जाते मी. हुपरीची यष्टी घावंल आता."

अत्तींनी माझा दंड धरला. "विद्या, ही आता सोप्यावर जाऊन बसनार. पैला घुंगरू लावायच्या आत सांगनार, शांतव्वाला इमानात घेतलं न्हाय, बसमदनं पाठवलं. मरूस्तवर ऐकायचं मी ते! गल्लीतनं तोंड घिऊन कशी फिरू गं?"

अत्तींचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला सासूची दया यायची सवय नव्हती, त्यामुळं मला त्या विजयसिंहाचाच भयंकर राग आला. मी त्याच्याकडं निघाले, पण अत्ती माझ्या पुढं पोहोचल्या. जाताना बयाबाईचं मनगट धरून तिलाही ओढत नेलं.

"पावणं," अत्ती म्हणाल्या, "तुमी भरपाई देताय न्हवं?"

"हो मॅडम. अल्पोपहार, बस, किंवा तिकिटाचे पैसे."

"पैसं कुनी मागितलं तुला? मला भरपाई म्हनून ही बाई पायजे."

विजयसिंहानं बयाबाईकडं पाहिलं. बयाबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"या आपल्या प्रवासी आहेत का?"

"न्हाय."

"मग कंपनीनं यांना मुंबईला का न्यावं?"

"कारन ही हुपरीला गेली तर माझं नुकसान हाय. तुझं इमान गेलं त्याच्यापरास मोठं. तू नुकसान भरून देनार असशील तर हिला माझ्याबरोबर बसमदी घाल. बाकी मला तुझं कायबी नको."

"नियमांत तशी तरतूद नाही, मॅडम."

"मग तरतूद कर. आमी हितंच बसलोय."

अत्ती त्याच्या टेबलासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि नारळ पुढ्यात ठेवला. मागच्या प्रवाशांना वाटलं, उपोषण सुरू झालं. सफारीतला एक माणूस "बरोबर हाय मावशींचं!" म्हणून त्यांच्या शेजारी बसलासुद्धा. मावशींचं काय बरोबर आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण तोही कोल्हापूरचाच होता.

विजयसिंहाची छापील मराठी तिथं संपली. "ओ मावशी, उठा की! वरच्या सायबांस्नी मी काय लिहून कळवू? ह्यांस्नी कुठं बसवू?"

"खिडकीत बसवू नको. खिडकीत मी बसनार."

"अगं, पन मला कुनी इचारलं का?" बयाबाईला शेवटी कंठ फुटला.

"सौंदर्याच्या पोराच्या बारशाला येनार न्हाईस व्हय? तुझ्या मांडीवर वाढली की गं ती!"

"लुगडं न्हाय आनलं."

"माझं नेस."

बारशाचं बोलावणं तोंडावर नाकारणाऱ्यातली बयाबाई नव्हती. तिनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "घरी तरी कळवा. आकाराम वाट बघंल."

आकाराम म्हणजे तिचा मुलगा. मी मोबाईल काढला, तर अत्तींनी तो हातातून घेतला. मोबाईलवर त्या कायम पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलल्यासारख्या बोलतात. "आकाराम! तुझी आई बी आमच्यासंगं मुंबईला निघाली रं! व्हय, आत्ताच! जागा मिळाली अचानक!"

फोन ठेवला आणि अत्तींचा चेहरा उतरला. आता हुपरीत काय बातमी होणार, ते त्यांना तेव्हा उमगलं. बयाबाई दुसऱ्यांदा विमानात बसली! स्वतःच्या हातानं त्यांनी तिला आणखी एक विमान देऊन टाकलं होतं.

अल्पोपहार झाला. उपमा गार होता, त्यावर मी विजयसिंहाला जे बोलले ते इथं सांगत नाही. बस आली. अत्तींनी पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबल्या.

"बाळा, इमानात चडताना नमस्कार करत्यात म्हनं."

विजयसिंहानं नमस्कार केला.

"इमान आनलं न्हाईस ते न्हाईस, रीत तर कर. सगळी कर."

आणि त्यानं केली, म्हणून मी पुढं त्याला माफ केलं. तो बसच्या मधल्या वाटेत उभा राहिला. पट्टा कसा बांधायचा ते सांगताना बसला पट्टे नाहीत हे लक्षात आल्यावर त्यानं स्वतःचा टाय सोडून कमरेला बांधून दाखवला. दोन्ही हात पसरून म्हणाला, "आपत्कालीन दरवाजे पुढे आणि मागे आहेत."

"मागचं उघडत न्हाय, सायेब," ड्रायव्हर म्हणाला.

"पाण्यात उतरायची वेळ आली तर जॅकेट आपल्या आसनाखाली आहे."

सफारीवाल्यानं वाकून पाहिलं. "खाली स्टेपनी हाय की हो!"

"पाण्यात उतरायची वेळ येणार नाही," विजयसिंह कळवळून म्हणाला.

"गोळ्या," अत्ती म्हणाल्या.

कँटीनमधून स्टीलचं ताट आलं. त्यात लिमलेटच्या गोळ्या. विजयसिंह प्रत्येकापुढं वाकला आणि प्रत्येकाला "घ्या" म्हणाला. अत्तींनी दोन बोटांनी एक गोळी उचलली, जशी काही त्यांना सवयच होती. बयाबाई ताटाकडं नुसती बघत राहिली. मग तिनं एक उचलून तोंडात घातली आणि हळूच दुसरी उचलून पदराच्या गाठीत बांधली.

"बघितलंस?" अत्ती माझ्या कानाशी फणफणल्या. "दोन! एकदा खाऊन बी हाव सुटत न्हाय."

बस निघाली. अत्ती खिडकीत, मध्ये मी, आणि पलीकडं भरपाई. सातारा गेलं, चहा झाला, भरपाई घोरायला लागली. खंबाटकीला बस डोंगराच्या बोगद्यात शिरली आणि एकदम गुडूप अंधार झाला. भरपाईला जाग आली.

"ह्यो नवा दिसतोय," बयाबाई झोपेतच म्हणाली. "आमच्या येळी अंधाराचा एकच हुता. पुन्याजवळ."

भक्कन उजेड झाला. बयाबाईचे डोळे उघडे होते आणि ती समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होती. अत्तींनी मान वळवली. मीही.

माझं डोकं असं सणकलं म्हणता! इतकी वर्षं! किती पैंजणं, किती घुंगरू, किती दुपारी! आणि माझ्या सासऱ्यांची बत्ती! मी तोंड उघडलं, तेवढ्यात अत्तींनी मांडीला असा चिमटा काढला की ते तसंच मिटलं.

मग अत्तींनीच विचारलं, "बया, अंधार म्हंजे ह्योच का गं?"

"ह्योच."

"आनि कान बंद?"

"खंडाळ्याच्या घाटात."

"ढग?"

"थितंच. म्होरल्या वळनावर." बयाबाई आपल्या बांगड्यांशी चाळा करत होती. "मालकांनी आदल्या दिवशी सगळ्या बाजारात पेढं वाटलं हुतं. आनि इमानतळावर आलो तर इमान रद्द. बसमदनं पाठवलं. मालक कुनाशी बोललं न्हाईत. चा घेतला न्हाय. एवढा दांडगा मानूस, मान खाली घालून बसला हुता गं. मला बघवंना. मग घाटात ढग दिसलं. मी म्हनलं, अवं, खाली बघा की. आपून वर, ढग खाली. आता ह्येला इमान न्हाय म्हनायचं तर काय म्हनायचं? तवा हसलं. म्हनलं, बया, गावात असंच सांग."

"आनि तू सांगत बसलीस."

"त्येंनी सांगितल्यालं तेवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं."

बसमध्ये पुढं कुणीतरी घोरत होतं. मला अजूनही राग आलेला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. हंबीरराव वारलेले होते आणि बयाबाईकडं बघवत नव्हतं.

"आनि गोळ्या?" अत्तींनी विचारलं.

"त्या माझ्या मनच्या. कुनीतरी वाकून दिल्या असत्या, असं वाटायचं." बयाबाईनं पदराची गाठ चाचपली. "आज दिल्या की. तुझ्यामुळं."

पुण्याच्या अलीकडचा बोगदा आला. "ह्यो बी मोठा केलाय," बयाबाई म्हणाली. खंडाळ्याच्या घाटात माझे कान बंद पडले. अत्तींचेही पडले असावेत, कारण त्या सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या, "बया, ऊठ! हिकडं ये, खिडकीत!"

"तुझी जागा हाय ती."

"ऊठ म्हनते न्हवं!"

अत्ती खिडकीतून उठल्या आणि बयाबाई तिथं बसली. खाली दरीत ढग होते, पांढरे, दाट, हळूहळू सरकणारे. आम्ही खरंच वर होतो. अत्ती आणि बयाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या, आणि बी.कॉम. असून मीही.

बारसं छान झालं. परत येताना आम्ही रेल्वेनं आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोप्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना घुंगरू लावता येत नाहीत अशा बायकासुद्धा आल्या होत्या. अत्ती मधोमध बसल्या. बयाबाई कोपऱ्यात, मान खाली. तिच्या हातातली चिमटी हलत नव्हती. अत्तींनी एक शब्द बोलायचा अवकाश, तिचे मालक दुसऱ्यांदा मान खाली घालणार होते. आणि अत्तींचा स्वभाव मला माहीत होता. इतक्या वर्षांचा डबा आपटायचा होता त्यांना.

"सांग की शांतव्वा," पलीकडच्या घरची बाळाबाई म्हणाली. "कसं असतंय?"

अत्तींनी डोळे मिटले. "आधी गुडूप अंधार. मग भक्कन उजेड. मग दोनी कान बंद. आनि खाली बघावं तर ढग." त्यांनी डोळे उघडले. "बया सांगती अगदी तस्संच. फकस्त अंधार आता जास्ती येळा हुतो."

"अगं बाई! आनि गोळ्या?"

"ताटातनं. एक घ्यायची असती. ह्या बाईनं दोन घेतल्या."

सगळा सोपा हसला. बयाबाईनं मान वर केली, अत्तींकडं पाहिलं आणि म्हणाली, "दुसरी मालकांची हुती." त्यावर बायका आणखी हसल्या. अत्ती हसल्या नाहीत. त्यांनी घुंगरांचा डबा उचलला आणि अजिबात आवाज न करता बयाबाईपुढं ठेवला.

पण बाळाबाईचं समाधान होईना. तिनं माझ्याकडं मोर्चा वळवला. "विद्या, तू शिकल्याली हाईस. मला एक सांग, इमानात अंधार कशाला गं हुईल?"

माझ्या हातातला घुंगरू निसटला. बयाबाई माझ्याकडं बघत होती. आत सासऱ्यांची फुंकणी थांबली होती.

"मग ढगात काय माझ्या सासऱ्यांनी बत्ती लावून ठेवलीय?" मी म्हणाले, आणि खाली पडलेला घुंगरू शोधायला लागले.